हौसाचं न टाकलेलं मत

तुळसाचं लग्न झालं ते साल पंच्याऐंशी. वैशाखात तिचा मांडव पडला आणि दिवाळी सरल्यावर ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी, त्यामुळे तुळसाची आई हौसा हिला ते साल कधी विसरता आलं नाही.

लग्नाला अख्खी खालची वाडी राबली होती. कुणी मांडव घातला, कुणी भाताचे टोप उतरवले, कुणी वऱ्हाडाला पाणी दिलं. हौसाचा नवरा धाकू मुंबईला गोदीत कामाला. तो लग्नापुरता आला आणि परत गेला. घरात राहिली हौसा आणि तिचा सासरा भागोजी. भागोजीची उजवी बाजू लुळी पडली होती. पडवीत बाजेवर पडल्या पडल्या तो आल्यागेल्याला एकच सांगायचा, "माजं झालं म्हंजे वाडीनं उचला रे. धाकूची वाट बघत ठेवू नका."

"तात्या, तुला आमी नाय तर कोण उचलणार?" माणसं हसायची. "आधी चार दिवस जेवू नको. खांदे मोडशील आमचे."

भागोजी पण हसायचा. पण माणूस गेला की हौसाला हळूच विचारायचा, "उचलतील ना गो?"

गावात दोन वाड्या, खालची आणि वरची, आणि दोन्हींचा मिळून एक वॉर्ड; मतं खालच्या वाडीचीच थोडी जास्त. खालच्या वाडीने शिवाला उभा केला. शिवा म्हणजे धाकूचा चुलतभाऊ, हौसाच्या भिंतीला भिंत लागून त्याचं घर. वरच्या वाडीने विठूला उभा केला. निवडणुकीआधी खालच्या वाडीचा गावकर, म्हणजे वाडीचा प्रमुख, भिकाजी याने सगळ्यांना वाघजाईच्या देवळात बोलावलं आणि देवीपुढे नारळ ठेवला. बाप्यांनी आणि बायांनी एकेक करून त्यावर हात ठेवला. वाडीचं मत वाडीच्या माणसाला. जो मोडील त्याला वाडी बंद. त्याच्या घरचा विस्तव कुणी घ्यायचा नाही, त्याला कुणी द्यायचा नाही, आणि त्याच्या घरच्या मयताला कुणी हात लावायचा नाही. हौसानेही हात ठेवला. ठेवताना तिच्या अंगावर काटा आला, पण तो तिचा तिलाच माहीत.

कारण शिवा बायकोला मारायचा. सगळे नवरे मारतात तसं नव्हे. भाताच्या आवणीच्या दिवसांत त्याने विमलेचा हात पिरगळून मोडला होता. विमलेने वाडीला सांगितलं, बांधावरनं घसरले. खरं काय ते हौसाला भिंतीतून ऐकू आलं होतं. तिनेच त्या हाताला पाला बांधला, तेव्हा विमलेने तिचे पाय धरले. "वैनी, कुणाजवळ बोलायचं नाय. बोललीस तर तो मला ठेवायचा नाय." हौसाने शब्द दिला होता.

मतदानाच्या दिवशी लांज्याचा काजूचा कारखाना बंद होता. हौसा तिथे काजू फोडायला जायची. दुपारी ती शाळेकडे निघाली. शाळेभोवतीच्या दगडी गडग्याशी आली आणि तिचे पाय थांबले. शिवाच्या चित्रावर शिक्का मारायला हात उठणार नाही, हे तिला तिथेच कळलं. विठूवर मारावा तर नारळावर ठेवलेला हात आठवत होता. ती गडग्याला टेकून थोडी उभी राहिली आणि घरी परत आली. तिला वाटलं, एवढी माणसं मत टाकतायत, त्यात एक कागद पडला नाही तर कुणाला कळणार आहे?

मोजणी झाली. शिवाला आणि विठूला सारखी मतं पडली. साहेबाने दोन चिठ्ठ्या टाकून एक उचलली. ती विठूच्या नावाची निघाली.

बातमी वाडीत आली तेव्हा हौसा चुलीशी होती. तव्यावरची भाकरी करपली तरी तिने ती उलटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकाजीने पुन्हा सगळ्यांना देवळात गोळा केलं. "डावा हात पुढं करा," तो म्हणाला. मत देणाऱ्याच्या बोटाला शाई लावलेली असते, ती त्याला बघायची होती. बाप्यांचे हात झाले. म्हाताऱ्या बायांचे झाले. मग काजूवाल्या बाया पुढे आल्या. काजूच्या टरफलाचं तेल हाताला लागतं, कातडी भाजते आणि काळी पडते. राख चोळा, एरंडेल चोळा, तो काळेपणा जात नाही. त्या सगळ्यांची बोटं नखांपासून पेरापर्यंत काळी.

"यांच्यात शाई कुठली आणि काजू कुठला?" भिकाजी वैतागला.

"हुंगून बघ," मागून कुणीतरी म्हणालं आणि माणसं हसली.

भिकाजी हसला नाही. हौसाचं बोट त्याने अंगठ्याने चोळून बघितलं. तिला वाटलं, आपल्या छातीत काय धडधडतंय ते याला बोटातून कळेल.

"कधी दिलंस मत?"

"दुपारी."

मतदानाला कोण येतं कोण नाही ते बघायला शाळेत भिकाजीचा पुतण्या बसला होता, पण दुपारी तो जेवायला घरी आला होता. तेव्हा कोण येऊन गेलं ते त्याला सांगता येईना. भिकाजीने त्याला चार शिव्या हासडल्या आणि हौसाचा हात सोडला.

हौसा सुटली. घरी येऊन ती तांब्याभर पाणी प्यायली. देवीच्या दारात खोटं बोलले हे तिला कळत होतं, पण सुटले हेही कळत होतं.

दिवेलागणीला भिंतीपलीकडून शिवाचा आवाज आला. "वाडीतली सगळी बोटं बघितली. बाहेरचं कोण नाय. मत माज्या घरातलंच फुटलंय." विठू विमलेच्या मावशीचा मुलगा, एवढंच त्याला पुरे झालं होतं. विमला काहीतरी म्हणाली. मग एक धप्पकन आवाज झाला. मग दुसरा. विमलेचा आवाज आलाच नाही, आणि हौसाला त्याचीच जास्त भीती वाटली.

भागोजीही ऐकत होता. "मारील तो तिला," तो म्हणाला. मग मान वळवून त्याने हौसाकडे बघितलं. "तू का थरथरतंस?"

हौसाने त्याला सांगितलं. मत दिलं नाही. कुणालाच नाही. गडग्यापासून परत आले.

म्हाताऱ्याचा चांगला हात तिच्या मनगटावर आला. "बोलू नको. कुणापाशी बोलू नको, बाय. वाडी बंद करतील. मग मला कोण उचलील? असाच पडून ऱ्हायन मी, कुत्री येतील." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याला दुसरा हात उचलता येत नव्हता. हौसाने ते पदराने पुसलं. "नाय बोलत, मामंजी," ती म्हणाली.

ती बोलली नाही. दिवेलागण झाली की ती मुद्दाम भांडी आपटत राहायची, म्हणजे ऐकू येऊ नये. तरी यायचंच.

मग एका सकाळी विहिरीवर विमला भेटली. ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला. कळशी तिला उचलता येत नव्हती. हौसाने ती उचलून तिच्या कमरेवर दिली. आसपास कुणी नाही असं बघून विमला म्हणाली, "वैनी, मी त्यांनाच दिलं गो. देवीची आण. त्यांच्या चित्रावर मी नीट बघून शिक्का मारला. मी किती वेळा सांगितलं. आता काय करू?"

ती रडतही नव्हती. हौसाने स्वतःची घागर तिथेच टाकली आणि ती सरळ भिकाजीच्या अंगणात गेली. "गावकार, वाडी बोलवा," ती म्हणाली. "माज्याशी काम हाय."

देवळात माणसं जमली. बायांमध्ये विमला होती, पदर पुढे ओढून बसलेली. हौसा देवीकडे तोंड करून म्हणाली, "मी खोटं सांगितलं. मी मत दिलं नाय. विमलेचा काय संबंध नाय."

शिवा ताडकन उठला. भिकाजीने त्याला हाताने खाली बसवलं.

"विठूला दिलंस?"

"कुणालाच नाय."

"म्हंजे आणखी वाईट. विठूला दिलं असतंस तर म्हटलं असतं, हिचं पटलं तिकडं. हे काय? घरात बसलीस?"

"मी दुसऱ्याला तर नाय दिलं."

"लावणीला जी येत नाय ती कुणाचं भात उपटत नाय, पण तिच्या वाट्याचा कोपरा ओसाड पडतोच ना?" भिकाजी म्हणाला. "का नाय दिलंस ते सांग. काय कारण असंल तर वाडी ऐकंल."

हौसाने बायांकडे बघितलं. पदराआडून विमला नुसती मान हलवत होती. नको, नको. हौसाला तिला दिलेला शब्द आठवला.

"मन झालं नाय," ती म्हणाली.

"तुज्या तुळसाच्या लग्नात आमी राबलो तेव्हा आमचं मन झालं होतं," भिकाजी म्हणाला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं, असं हौसाला वाटलं. कारण त्याचं म्हणणं तिला खोटं वाटत नव्हतं. खोटं एवढंच होतं की त्याला भिंतीपलीकडचं ऐकू येत नव्हतं.

त्या दिवसापासून हौसाला वाडी बंद झाली. विहिरीवर हौसा गेली की बाया बाजूला व्हायच्या. कारखान्यात जनी इतकी वर्षं तिच्या शेजारी बसून काजू फोडायची, तीही उठून लांब बसली. "राग नाय गो," जाताना ती खाली बघून म्हणाली, "पण माजी पण सासू म्हातारी हाय."

भिंत मात्र गप्प झाली. दिवेलागणीला हौसा आता भांडी आपटत नव्हती. हातातलं काम थांबवून ती ऐकायची. पलीकडे भाकरी थापल्याचा आवाज यायचा, कधी शिवाचं खोकणं. तेवढं ऐकून ती पुन्हा कामाला लागायची. आज नाही. उद्याचं माहीत नाही.

भागोजी तिच्यावर चिडला नाही. तो जास्त जेवायला लागला. पेज दिली की आणखी मागायचा. "धाकूला तार केलीस?" रोज विचारायचा. "तो येईपर्यंत मला जगायला हवं." हौसाने तार केली होती. धाकूचं उत्तर आलं, सुट्टी मिळाली की निघतो. संध्याकाळ झाली की म्हातारा घाबरायचा. त्याचा श्वास अडकला की तो तिचा हात घट्ट धरायचा, मरणाला नव्हे, त्यानंतरच्या सकाळीला भिऊन.

ती सकाळ आलीच. हौसा पेज घेऊन पडवीत गेली तेव्हा भागोजीचे डोळे उघडे होते आणि त्यांत काही नव्हतं.

तिने त्याला आंघोळ घातली. अंगणात येऊन ती उभी राहिली. वाडीतल्या प्रत्येक अंगणात कुणी ना कुणी होतं. सगळ्यांना कळलं होतं. कुणी शेत भाजायला झाडांची कवळ तोडत होतं, कुणी गुरं सोडत होतं, आणि कुणीही तिच्याकडे येत नव्हतं. शिवाचं दार बंद होतं. ऊन ओटीवर चढलं. माश्या घोंगावू लागल्या. हौसा आत जाऊन पदराने वारा घालायची, पुन्हा बाहेर येऊन बघायची. कुत्री येतील, असं म्हातारा म्हणाला होता, आणि गडग्यावर खरंच एक कुत्रं येऊन बसलं होतं.

मग वरच्या पाणंदीतून चार माणसं येताना दिसली. पुढे विठू, खांद्यावर दोन बांबू. "वैनी," अंगणाच्या कडेला थांबून तो म्हणाला, "आमी उचलू काय? तू सांगशील तर."

भिकाजी आपल्या अंगणातून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बघा. हिचं मत कुठं पडलं ते आज कळलं."

हौसाने ते ऐकलं. हो म्हटलं तर तिने विठूलाच मत दिलं हे वाडीसाठी कायमचं खरं ठरणार होतं. मग ती कितीही शपथा घेवो. नाही म्हटलं तर म्हातारा तसाच राहणार होता. ती वळून पडवीत बघून आली.

"उचला," ती म्हणाली.

वरच्या वाडीच्या माणसांनी भागोजीला नेलं. अग्नी विठूने दिला.

धाकू आला तेव्हा राख निवली होती. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि खाली मान घालून म्हणाला, "एक शिक्का. कुणावर पण मारायचा होतास. शिवावर मारला असतास तर बापूस आपल्या माणसांच्या खांद्यावरनं गेला असता."

हौसाने त्याला भिंतीपलीकडचं सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली, "हो. गेला असता."

खालच्या वाडीचा भागोजी पंच्याऐंशी सालच्या मार्गशीर्षात, मंगळवारी सकाळी, स्वतःच्या पडवीत वारला.