तेना आदमचे शेंडे कोणी खुडले?

येशारेगच्या स्वयंपाकघराच्या भिंतीलगत तेना आदमचं झुडूप होतं. आपण ज्याला सताप म्हणतो, तेच. पण देब्रे ताबोरच्या डोंगरावर त्याच्या नावाचा अर्थच मुळी आदमाचं आरोग्य, आणि येशारेग ते नाव घेताना दरवेळी हात छातीशी नेई. देवाने आदमाला बागेबाहेर काढलं खरं, पण जाता जाता पोटदुखीचं औषध त्याच्या पदरात टाकलं, असं ती म्हणे. बाप रागावला तरी शिदोरी देतोच की!

मुळाशी चुलीतली राख, ऊन भरपूर, पाणी बेताचं, एवढ्यावर ते झुडूप कमरेपर्यंत आलं होतं. कॉफीच्या प्रत्येक पेल्यात त्याची डहाळी बुडवायची. पोट फुगलं तर दोन पानं चावून वर कॉफी घ्यायची. मात्र झाडाला हात लावायचा तो मालकिणीनेच. न विचारता खुडलेल्या पानाचा गुण येत नाही, हे आईने तिच्या मनावर लहानपणीच बिंबवलं होतं.

आणि आता कोणीतरी न विचारता खुडत होतं. सकाळी बघावं तर एक फांदी बोडकी, दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारची. तेही कुंपणाकडच्या बाजूनेच. मरियम मातेच्या नावाने दर महिन्याला जमणाऱ्या बायकांच्या मंडळाची पंगत या महिन्यात येशारेगकडे होती. बायका येणार त्या निम्म्या या वासासाठी, आणि झाड असं भादरल्यासारखं.

कुंपणापलीकडे झुरियाश राहत होती. दोघी विधवा, दोघींची मुलं शहरात. दुपारी येशारेगच्या खलबत्त्याचा आवाज झाला की झुरियाश पदराला हात पुसत यायची. वेगळं बोलावणं कधी लागलं नाही. कॉफीच्या तीन फेऱ्या व्हायच्या. तिसरी आशीर्वादाची, ती पातळ असली तरी सोडायची नाही, आणि एकटीने प्यायची तर मुळीच नाही. याच झुरियाशने मागे एक फांदी लावायला मागितली होती. येशारेगने पाऊस सरू दे म्हणून टाळलं होतं. आता तिच्या मनाने दोन आणि दोन चार केले.

भांडण तिने केलं नाही. तिने खलबत्त्याखाली घोंगडीची चौघडी घातली आणि दार लोटून, दबक्या हाताने कॉफी कुटली. शेजारीण आली नाही. येशारेगने पहिला पेला घेतला, दुसरा घेतला. तिसरा समोर ठेवून बसली आणि शेवटी तो अंगणात ओतून दिला.

असं तीन-चार दुपारी झालं. झुरियाशने कुंपणावरून विचारलं, कॉफीचाही उपास धरलास की काय? येशारेग म्हणाली, पोट बरं नाही.

“मग तेना आदम घे की. तुझं औषध तुलाच मी सांगायचं का?”

हे ऐकून येशारेगचं डोकं आणखीच भणभणलं. हिने माझंच खुडायचं, आणि वर मलाच शिकवायचं.

तीर्थ शिंपडायला गावचे धर्मगुरू अब्बा त्सिगे आले. म्हातारा मोठा गोड गळ्याचा. घराच्या चारी कोपऱ्यांत मरियमची स्तुती गात फिरला की भिंतींनाही बरं वाटावं. येशारेगने त्यांच्यापुढे मन मोकळं केलं, नाव मात्र घेतलं नाही. कोण खुडतं म्हणून पहाटेपासून कुंपणावर डोळे लावून बसते, हेही सांगितलं.

“कुंपण पाहिलंस, लेकी. झाड पाहिलंस का?” एवढं विचारून ते राहिलेलं कडवं गुणगुणत निघून गेले.

हा प्रश्न तिला रात्रभर टोचला. उजाडताच ती झुडपासमोर उकिडवी बसली. पानावर चिमणीची शीट पडली होती. ती पुसायला बोट नेलं, तर शीट सरकली. जरा वर देठाच्याच रंगाचं काहीतरी जाडजूड चिकटलं होतं आणि पानाच्या कडेवरून शांतपणे, जपमाळ ओढावी तसं तोंड फिरवत होतं. येशारेगने त्याला काडी लावली. त्याबरोबर त्याने मान उचलली, डोक्यातून नारिंगी रंगाची दोन शिंगं बाहेर काढली आणि असा उग्र दर्प सोडला की ती मागच्या मागे राखेत बसली.

अशा वेळी तोंडून देवाचं नाव निघावं. तिच्या तोंडून निघालं ते “झुरियाश!”

झुरियाश पिठाच्या हातांनी धावत आली, वाकली आणि हसू लागली. “अगं, ही तर माझ्या लिंबावरची लेकरं. तिथे खाऊन कंटाळली, तुझ्याकडे पाहुणचाराला आली. मोठी झाली की काळी-पिवळी फुलपाखरं होतात.”

येशारेग राखेतून उठेना. “मला वाटलं...”

“काय वाटलं ते कळलंय मला. खलबत्त्याखाली घोंगडी घातलीस, पण कॉफी भाजल्याचा वास कशाखाली दाबणार होतीस? रोज कुंपणाशी उभी राहायचे मी. म्हटलं, बोलावेल.”

“मग आली का नाहीस?”

“आवाज नव्हता ना झाला.”

येशारेगने पदर डोळ्यांना लावला, मग उठून राहिलेल्यांतली सगळ्यांत चांगली फांदी आपल्या हाताने तोडली आणि झुरियाशच्या पिठाळ मुठीत दिली. राख घाल, पाणी कमी, एवढंच म्हणाली. दोघींनी मिळून अळ्या पानासकट उचलून लिंबावर सोडल्या. एक मात्र येशारेगने राहू दिली. एवढी कडू पानं खाऊन पंख फुटतात तरी कसे, ते तिला बघायचं होतं. पंगतीला पेल्यात डहाळीऐवजी एकेक पान पडलं तरी मरियम रागावणार नाही, असं झुरियाशने परस्पर ठरवूनही टाकलं.

दुपारी येशारेगने घोंगडी घडी करून आत ठेवली. खलबत्ता अंगणातल्या उघड्या दगडावर मांडला आणि असा काही दणादण कुटला की गल्लीतल्या आणखी दोघी विचारत आल्या, आज काय आहे म्हणून.