न्हाणीच्या कोनाड्यातली रिंग

मी एक रिंग आहे. बोटात घालायची नव्हे, कानातलीही नव्हे. तळहातात मावेल एवढी, मऊ सिलिकॉनची. ज्या बायकांचं अंग बाहेर येतं, त्यांच्या आत बसून मी गर्भाशय जागेवर धरून ठेवते. काम एवढंच, पण माझं नाव कुणी मोठ्याने घेत नाही.

कारखान्यात साच्यातून निघाले आणि गडचिरोलीच्या एका दवाखान्यातल्या कपाटात बरेच दिवस पडून राहिले. तिथून मला सुगंधाबाईंनी नेलं. आरमोरीकडे त्यांची धानाची शेती. वीस वर्षं त्यांनी अंग कापडाच्या गुंडाळीने दाबून धरलं होतं आणि वरून नऊवारी लुगड्याचा कासोटा घट्ट आवळला होता. तशाच रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, वाकायच्या. घरात कुणाला पत्ता नव्हता.

त्या दवाखान्यात आल्या बहिणीमुळे. थोरली गिरजाबाई उन्हाळ्यात गेली. मयतीला आंघोळ घालताना सुगंधाबाईंनी तिचं लुगडं सोडलं, तर आत तशीच गुंडाळी. घडीसुद्धा तीच. दोघी सणासुदीला एका चुलीपुढे बसत आणि दोघींनीही एकमेकींना काही सांगितलं नव्हतं.

डॉक्टर रीता मॅडमनी तपासायच्या आधीच सुगंधाबाई म्हणाल्या, "पिशवी काढाची असन तं रोवणा झाल्यावर काढा."

"आता तेवढा एकच रस्ता नाही, बाई. लवकर कळलं तर व्यायामानेही फरक पडतो. पिशवी ठेवूनही ऑपरेशन करता येतं. तुम्हाला आधी ही रिंग बसते का बघू."

पहिल्या मापाची निसटली. मी बसले. सुगंधाबाई चालल्या, खोकलल्या, उकिडव्या बसून पाहिलं. "आँ! समजतबी नाई."

मला अधूनमधून काढायचं, साबणाने धुवायचं, परत बसवायचं आणि तीन महिन्यांनी तपासणीला यायचं, असं ठरलं.

त्या रोवण्यात सुगंधाबाई कितीतरी वर्षांनी बिनघोर वाकल्या. सून रंजीता मात्र घडीघडी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन बसे.

"दोन लेकरातच थकली का व?" सुगंधाबाई चिखलातून ओरडत. "आमी तं ओल्या बाळंतिणी रोवण्याले जात होतो!" बायका हसत. रंजीता खाली मान घालून परत चिखलात उतरे.

एका सकाळी सुगंधाबाईंनी मला धुऊन न्हाणीच्या कोनाड्यात वाळत ठेवलं आणि गोठ्यात गेल्या. परत येऊन पाहतात तर कोनाडा रिकामा. स्वयंपाकघरात रंजीता मला मिक्सरच्या भांड्याखाली दाबत होती. टमाट्याची चटणी ओट्यावरून खाली गळत होती.

"आई, हे वायसर कोणत्या मिक्सरचं व्हय? बसूनच नाई राह्यलं!"

सुगंधाबाईंनी मला हिसकावून घेतलं. "मिक्सरचं नाई ते."

"मंग कशाचं?"

माझ्यावरची चटणी त्यांनी पदराने पुसली. मग म्हणाल्या, "माह्यं व्हय."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. गिरजाबाईची गुंडाळीसुद्धा.

रंजीता चटणीतच बसली. "मलेबी तसंच होते, आई. लहान्याच्या बाळंतपणापासून. खाली काईतरी उतरल्यावानी वाटते. म्हणून बसा लागते धुऱ्यावर."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी तरी कोणाले सांगतलं?"

दुसऱ्या दिवशी दोघी गडचिरोलीच्या एसटीत बसल्या. रंजीताचं अगदी सुरुवातीचं होतं. मॅडमनी व्यायाम शिकवले, ओझं उचलायला मनाई केली. रिंग तूर्त नको, म्हणाल्या. आपली गरज नाही हे ऐकून मला बरं वाटलं.

आता मी झाकणाच्या डब्यात वाळते. मिक्सर माझ्यापासून लांब आहे.

परवा रंजीता धुऱ्यावर बसली, तशी सोबत रोवणारी चैतूची बायको म्हणाली, "महाराणी बसल्या पाहा!"

"बसू दे. मीच बसवलं," सुगंधाबाई म्हणाल्या. हातातली रोपांची पेंढी खाली ठेवून त्यांनी कारण सांगितलं. मोठ्याने. माझ्यासकट.

रोवणा थांबला. कुणी हसलं नाही. मग चैतूच्या बायकोनेच हळू विचारलं, "गडचिरोलीची गाडी किती वाजता हाय, बाई?"

मी आतून ऐकत होते. त्या कपाटात माझ्यासारख्या अजून पडून आहेत. या, विचारा, तपासून घ्या. मयतीच्या आंघोळीपर्यंत थांबू नका.