शिवेबाहेरचे भाऊ

हौशीराम केस जिंकला.

हे घडलंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ, कारण कोर्टाच्या पायऱ्या उतरताना खुद्द हौशीरामनेही तसंच धरलं होतं. खाली चिंचेच्या सावलीत त्याचा धाकटा भाऊ गोरख, म्हणजे या दाव्यातला प्रतिवादी, टॉवेल अंथरून बसला होता.

"काय झालं दादा?"

"काय व्हायचंय? तारीख पडली."

"कवाची?"

याची तयारी हौशीरामने केली नव्हती. "सांगत्याल," असं म्हणून तो डब्याची गाठ सोडायला लागला.

निकाल सांगितला तेव्हा गोरख आतच, मागच्या बाकावर होता. पण थोरल्याला तोंडावर खोटं पाडायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. बांधासाठी जन्मभर भांडायचं, पण रीत सोडायची नाही.

बांध तरी केवढा? त्यावरून एखादी शेळी गेली असती, तीही पोट आत ओढून. नांगराचा फाळ कुणाचा आधी घुसला हे आता दोघांनाही आठवत नव्हतं. आठवत होती ती शपथ. त्या संध्याकाळी निरगुडसरच्या भैरवनाथापुढे दोघांनी भंडारा उचलला होता, की गावाच्या शिवेच्या आत पुन्हा एकमेकांशी बोललो तर आईबापाचं नाव लावणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनाही पस्तावा झाला. हौशीराम गुपचूप गुरवाकडे गेला.

"शपथ सुटंल," गुरव म्हणाला, "पर दोघांनी जोडीनं देवळात यायचं आन् एकमेकाला तोंडानं म्हनायचं, सोडली."

"पर देऊळ शिवेच्या आत हाय."

"हाय की."

"मंग बोलायचं कसं?"

"शपथ सोडून बोलायचं," गुरव म्हणाला आणि दिव्यात तेल घालायला लागला. थोड्या वेळाने गोरखही तिथे येऊन हेच उत्तर घेऊन गेला.

मग दावा उभा राहिला आणि कोर्ट निघालं शिवेबाहेर.

तारखेच्या दिवशी हौशीराम मोटारसायकल घेऊन एकटाच निघायचा. शिवेच्या दगडापाशी गोरख आभाळाकडे बघत उभा असायचा. चाक दगडाच्या पलीकडे गेलं की हौशीराम म्हणायचा, "बस मागं." तिथून तालुक्यापर्यंत दोघं तुंबलेलं सगळं बोलून घ्यायचे: कुणाची गाय व्याली, कुणाच्या गुडघ्याला कुठलं तेल लागू पडलं. पुकारा झाला की आत जाऊन एकमेकांना लबाड ठरवायचे आणि बाहेर येऊन एका डब्यात जेवायचे. हौशीरामची बायको अंबाबाई त्या दिवशी दुप्पट भाकरी थापायची आणि ठेचा बिनलसणाचा करायची. हौशीराम लसणाशिवाय ठेचा खात नसे. गोरखला लसूण सोसत नसे. तिने कधी काही विचारलं नाही.

बिनकामाचं शेजारच्या गावी निघालं तरी पोरं विचारतात, कुठं चाललाय? तारखेला कुणी विचारत नाही. हे सगळं देणं सुभाष वकिलांचं, असं हौशीराम मानायचा.

सुभाष वकिलांनी हौशीरामचं वकीलपत्र घेतलं तेव्हा ते एसटीने यायचे आणि काळा कोट पिशवीत घालून आणायचे. गोरखच्या वकील प्रतिभाताई. त्याही एसटीनेच. दोघांनी आळीपाळीने मुदतीचे अर्ज दिले, आणि मुदत मागता मागता त्यांचं जमलं. लग्नात हौशीराम नवरदेवाकडून होता आणि गोरख नवरीकडून. मानपानावरून दोघांनी एकमेकांना चार शब्द सुनावले. कार्यालय शिवेबाहेर होतं, त्यामुळे चाललं.

त्यानंतर वादीची फी आणि प्रतिवादीची फी एकाच घरात जाऊ लागली. सुभाष वकील एकही केस हरलेले नाहीत, अशी कीर्ती पसरली. ती खरीच होती, त्यांची एकही केस संपलेली नव्हती. जुन्नर-आंबेगावातले भांडखोर रांग लावून आले. बायपासला जमिनी गेल्या तेव्हा तर रांग रस्त्यावर आली. वारूळवाडीत तीन मजली बंगला उठला. वास्तुशांतीला दोघे भाऊ मानाच्या पंगतीत होते. जेवणानंतर हौशीराम पाहुण्यांना घर दाखवत हिंडला. "ह्यो जिना माझा," तो कौतुकाने सांगत होता. "गच्ची आमच्या गोरखची."

आणि आता कोर्टात नवीन जज्जसाहेब आले होते. त्यांनी पहिल्याच आठवड्यात फाइल वाचून काढली. यापूर्वी हा प्रकार कुणी केलेला नव्हता.

वकील नवरा-बायको चिंचेखाली आले. जिंकल्यावर पेढे वाटतात हे सुभाषरावांनी ऐकलं होतं, पण हौशीरामचं तोंड बघून त्यांनी पुडा पाठीमागेच धरला.

"वकिलीणबाई," हौशीराम प्रतिभाताईंना म्हणाला, "माझ्यावर अपील करा की."

"मी करीन हो. पण अपील गोरखभाऊंकडून यायला हवं."

"आता रान स्वराजच्या नावावर हाय," गोरख म्हणाला. स्वराज त्याचा मुलगा. "त्यो म्हनतो, आबा, तिथं गवतसुदिक वाकडं उगवतंय, देऊन टाका."

"तुजं पोरगं लई समजूतदार निघालं."

"व्हय. माझ्या नशिबी हेच व्हतं."

"मंग मीच अपील करतो, साहेब. माझ्या जिंकन्यावर."

"जिंकलेल्याला अपील नसतं, हौशीरामभाऊ."

गोरखने भाकरीचा तुकडा मोडला, पण तो तसाच हातात राहिला.

"नाराज नगा होऊ, साहेब," शेवटी हौशीराम म्हणाला. "तुमी जेवढं ताणलंत तेवढं सख्ख्या मामानं ताणलं नसतं. गावात आमचा भाऊपना मेला व्हता, तो तुमी तारखंवर जगवला. तुमच्या बंगल्याला कुनाची नजर न लागो."

सुभाषरावांनी आयुष्यभर कौतुक ऐकलं होतं, असलं नव्हतं. ते इस्त्रीच्या पँटीसकट खाली मातीत बसले. प्रतिभाताईंनी पर्समधून कोरा कागद काढून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"असल्या अर्जाला कायद्यात कलम नाही," त्या हळूच म्हणाल्या.

"माहितीये," सुभाषराव म्हणाले. "सांगा हौशीरामभाऊ. फी नाही."

"आन् जातीनं हजर ऱ्हावं असं घाला," गोरख म्हणाला, "न्हाईतर पोरगं म्हनंल, वकील जाईल की."

सुभाषरावांनी लिहायला सुरुवात केली.

"मे. कोर्टाचे सेवेसी. वादीतर्फे विनंती अर्ज ऐसा की, सदर दाव्याचा निकाल वादीच्या बाजूने लागल्याने वादीचे कधीही भरून न येणारे नुकसान झाले आहे. प्रतिवादीची याबाबत तक्रार असून ती हीच आहे. सबब, सदर निकाल रद्द करून दावा पूर्ववत प्रलंबित करावा, उभयतांच्या हयातीत त्याचा निकाल करू नये, दरमहा तारीख नेमून उभय पक्षांना जातीने हजर राहण्याचा सक्त हुकूम व्हावा, आणि पुकारा होता होईल तो उशिरा करावा, ही विनंती."