मागच्या चाकांचं बटण

गार्विनने माझ्या पिकअपसाठी बटणाचा लॉकर निवडला, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

तुम्हाला वाटेल, बटणात काय एवढं? पण माझ्या नवऱ्याला तुम्ही ओळखत नाही. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त फिरावं लागतं, म्हणून आसाच्या मधलं डिफरेन्शियल दोघांना आपापलं फिरू देतं. डांबरावर ते ठीक. आमच्या पठाराच्या वाटेवर एक चाक हवेत गेलं की तेवढंच गरगर फिरत बसतं आणि जमिनीवरचं ढिम्म हलत नाही. लॉकर दोन्ही चाकं एकमेकांना बांधून टाकतो. एक जात आपोआप बांधणारी, दुसरी बटण दाबल्यावर. गार्विन आमच्या लग्नाच्याही आधीपासून आपोआपवाला. रुलनच्या गॅरेजात कुणी बटणाचं नाव काढलं की याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "बटणं पर्यटकांना द्या," म्हणायचा. "ज्याच्या पायाला गाडी कळत नाही, त्याच्या बोटाला काय कळणार?"

असा हा माणूस हिवाळ्याच्या ऐन मध्यात, मी मागितलेलं नसताना, माझ्या रोजच्या गाडीला बटण बसवायला निघाला. मी रोज खाली मोआब गावात शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जाते, त्याच गाडीने. इतकी वर्षं मी तिथे काय घेऊन जाते, कशी जाते, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. अडकले तर त्याच्या जुन्या गाडीने ओढून काढायचा आणि आठवडाभर ऐकवायचा.

रुलनलाही नवल वाटलं. मी बाहेर गाडीतून सामान काढत होते, दार अर्धं उघडं होतं.

"ताप-बिप आलाय का तुला?" रुलन विचारत होता. "बरं, बटणच हवं तर हवेवर चालणारा घे. दणकट असतो."

"आणि थंडीत हवेची नळी गळायला लागली तर? ती काय करणार वाटेत बसून? विजेचाच दे."

"मग पुढच्या आसालाही टाकू एक."

"नको. पुढचा बांधला की स्टीअरिंग दगडासारखं होतं. तिच्या मनगटांना झेपायचं नाही. मागे एक पुरे."

तिच्या मनगटांना! माझ्या मनगटांनी शाळेतली पन्नास पोरांच्या रश्श्याची पातेली उचललेली आहेत आणि गार्विनने ती पाहिली आहेत. मी आत गेले तसे दोघं गप्प. रुलनने माझ्या हातात गरम कोको दिला, कॉफीला तो शिवतही नाही, आणि हवापाण्याचं बोलायला लागला. पाणी कुठेतरी मुरत होतं.

कुठे मुरत होतं याचा अंदाज मला होता. तिचं नाव कोरल. शरद ऋतूत ओरेगॉनहून आली, आमच्या पलीकडची जागा घेतली. विधवा, हसरी, आणि उंचीने नेमकी माझ्याएवढी. तिची गाडी म्हणजे शहरातलं खेळणं, आमच्या वाटेवर रडतखडत चढणारं. "तुझी पिकअप कधी विकलीस तर मला सांग हं," असं ती मला पहिल्याच भेटीत म्हणाली होती. त्यानंतर गार्विनची जुनी गाडी अंगणात उभी राहिली ती राहिलीच. का, तर बेअरिंग वाजतंय. ज्याने रात्रीच्या जेवणाआधी गिअरबॉक्स उतरवून परत चढवलेला मी पाहिलाय, त्याला बेअरिंग बदलायला सवड नाही!

मग माझ्यासोबत काम करणाऱ्या ट्वायलाने ते सांगितलं. कांदा चिरता चिरता, अगदी सहज. "तुझा गार्विन दिसला काल. त्या नव्या बाईच्या गाडीत. ग्रँड जंक्शन शहराच्या रस्त्याने चालले होते."

"असेल काही काम," मी म्हटलं, आणि माझं बोट कापलं.

घरी विचारलं, "काल काय केलंस दिवसभर?"

"कुंपण."

बस्स. ताकास तूर लागू देईल तर शपथ. मी त्या रात्री त्याच्याकडे पाठ करून झोपले आणि त्याला ते कळलंसुद्धा नाही.

तर फेब्रुवारीत लॉकर बसला. रुलनने मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलून मला दाखवलं. बटण बंद असताना एक चाक हाताने फिरवलं की दुसरं उलटं फिरत होतं. बटण दाबल्यावर दोन्ही एका दिशेने, एकजुटीने. बटण बसवलं होतं स्टीअरिंगच्या डाव्या बाजूला खाली. गार्विनने मला सीटवर बसवून म्हटलं, "बघू नकोस. हाताने शोध. सापडलं? परत शोध." मी शोधलं. माझ्या हाताला बरोबर येत होतं. उद्या ही गाडी तिला दिली तर कोरलच्याही हाताला बरोबर येईल, असं माझ्या मनात आलं.

परतताना गाडी मी चालवत होते. तो खिडकीला टेकून बसला होता. डांबर संपलं, वाळूचा ओढा गेला, आणि दुपारच्या उन्हात आम्ही खेचरपायरीशी आलो. वाट तिथे गुडघाभर उंचीची दगडी पायरी चढते. उजवीकडे खडकाची भिंत, डावीकडे, म्हणजे चालवणाऱ्याच्या बाजूला, दरी. सावलीतला भाग गोठलेला होता.

आमच्याकडे तिथे एकटं कुणी चढत नाही, सोबत माणूस असेल तर. सोबतचा उतरतो, वर जाऊन समोर उभा राहतो आणि हातांनी चाकं दाखवतो. चालवणाऱ्याने फक्त त्याच्या हातांकडे बघायचं, वाद घालायचा नाही. हा नियम अख्ख्या पठाराकडून गार्विननेच घोकून घेतला होता. आज तो जागचा हलेना.

"उतर ना," मी म्हटलं.

"तुझ्या बोटाखाली बटण आहे. दाब आणि जा."

"उतरणार नाहीस?"

"गुडघा दुखतोय, लेटा."

माझा संयम तिथे सुटला. "कोरलला वाट दाखवायची असती तर टुणकन उडी मारून उतरला असतास!"

तो एकदम माझ्याकडे वळला. चेहरा लाल झाला. मग दार उघडून उतरला, हाताने भिंत चाचपत पायरी चढला आणि वर उभा राहिला. मला जरा बरं वाटलं. वर्मी लागलं म्हणजे खरंच होतं.

त्याने हात वर केले. मी बटण दाबलं, गाडी हळू पुढे घेतली. तो डावीकडे बोलावत होता. मी डावीकडे घेतलं. अजून डावीकडे. हात स्थिर, चेहरा शांत, इतकी वर्षं पाहिलेला तसाच. अजून डावीकडे. नियम नियम असतो, म्हणून मी ऐकत गेले. मग माझ्या खिडकीबाहेर नजर गेली आणि खाली जमीनच नव्हती. मी ब्रेक करकचून दाबला.

"का थांबलीस?" तो ओरडला. "ये की! भरपूर जागा आहे."

क्षणभर मला वाटलं, हा मला मारतोय. लाज वाटते सांगायला, पण तेच वाटलं. माझ्या बाजूचं दार उघडण्यात अर्थ नव्हता. मी हँडब्रेक ओढला, सरपटत त्याच्या बाजूने उतरले आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"दिसत नाही का तुला, चाक कुठे आहे?"

तो माझ्याकडे बघत होता, पण माझ्या डोळ्यांत नाही. माझ्या कानाच्या जरा पलीकडे. आणि मग मला कळलं, किती तरी दिवस तो असाच बघतोय, आणि मी त्याला नजर चुकवणं समजत होते.

"नाही दिसत," तो म्हणाला. "मधोमध डाग आहे. बाजूचं थोडं दिसतं. चाक बघायला जातो, तिथेच काही नसतं."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. कोरलच्या नवऱ्याला हेच होतं. तिला ग्रँड जंक्शनचा डॉक्टर माहीत होता. तो म्हणाला, वाढत जाणार."

"आणि मला सांगितलं नाहीस!"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, घर विकू, शहरात जाऊ."

"म्हणालेच असते!"

"म्हणून तर." त्याने माझी बाही धरली. "आपोआपवाला बर्फावर वळणात गाडीचं शेपूट फेकतो, लेटा. मी ते पायाने सांभाळायचो. तुला रोज या वाटेने जायचंय, आणि अडकलीस तर ओढायला मला येता येणार नाही. बटण बरं. हवं तेव्हाच बांधतं."

मला त्याला मारावंसं वाटलं आणि छातीशी घ्यावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. कोरलचं खरं निघालं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला वाटलं. तिच्या अंगणात जाऊन मी तिला चार शिव्या हासडल्या असत्या, याला बाहेर काढलं असतं, आणि वसंतात परत आत घेतलं असतं. त्या डागाशी कसं भांडायचं मला माहीत नव्हतं.

"भिंतीला पाठ लावून उभा राहा," मी म्हटलं. "अजिबात हलू नकोस. हातही करू नकोस."

मी परत सरपटत आत गेले. बटण बंद केलं, गाडी मागे घेतली, पार भिंतीला घासेल इतकी उजवीकडे आणली. हाताने बटण शोधून दाबलं. मागच्या दोन्ही चाकांनी मिळून बर्फावर पकड घेतली, ती पायरीवर धडकली, आणि गाडी एका दमात वर आली. मी ती त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी केली आणि इंजिन बंद केलं.

तो भिंतीला टेकून उभा होता, तोंड माझ्याकडेच. ऊन त्याच्या डोळ्यांत होतं आणि तो पापणीही मिटत नव्हता.

"लेटा," मला डोळ्याच्या कडेने पाहायला त्याने दरीच्या बाजूला मान वळवून हाक मारली, "चढलीस का गं?"

"चढले," मी म्हटलं. "इथेच आहे."