विहिरीच्या पूर्वेस

पोशीरचे निवृत्त मास्तर विनायकराव गुप्ते यांनी १९३१ साली आपल्या घराण्याचा इतिहास लिहायला घेतला. रान तोडून इथे पहिलं घर आपल्याच पूर्वजाने बांधलं, असं ते सगळ्यांना सांगत. घराची जागा एका मोडी कागदात लिहिलेली होती, पण मोतीबिंदूमुळे मास्तरांना अक्षर दिसेना. म्हणून त्यांच्या पत्नी मालतीबाई वाचायला बसल्या.

"विहिरीच्या पश्चिमेस" एवढं मनातच वाचून त्या थांबल्या. त्यांना विहिरीच्या पूर्वेला अळू लावायचं होतं, आणि तिथली टणक जमीन कुणाकडून तरी खणून हवी होती.

"विहिरीच्या पूर्वेस," त्यांनी मोठ्याने सांगितलं आणि कागद मिटला.

आदिवासी वाडीवरची चिमा ठाकरीण कुदळ घेऊन आली. हातभर खणताच चुलीचे तीन काळे दगड आणि फुटकं उखळ निघालं.

"सापडलं!" मास्तर ओरडले. "आता इथे कुणी पाय ठेवायचा नाही!"

मालतीबाईंनी कपाळाला हात लावला. चौथ्या दिवशी मास्तर मजकूर छापखान्यात धाडायला निघाले, तेव्हा मात्र मालतीबाईंनी त्यांना खड्ड्यापाशी नेऊन सगळं कबूल केलं.

"मग हे घर कुणाचं गं?" मास्तर चक्रावले.

मालतीबाईंनी कागद उघडून पुढचं वाचलं, "विहिरीच्या पश्चिमेस, पूर्वेकडच्या ठाकरांच्या जुन्या घरासमोर."

मजुरी न्यायला आलेली चिमा खो खो हसली. "म्हंजे तुमी आमचीच चूल उकरलीत व्हय!"

मग ती उखळाशेजारी ऐसपैस बसली आणि दोघांना म्हणाली, "उभं का? बसा की, पाव्हनं."