चौऱ्याऐंशीव्या पानावरची तळटीप

पाकिटाच्या झाकणावर डिंकाच्या दोन रेघा होत्या. पहिली यंत्राने लागलेली, सरळ, पिवळसर, वाळून काचेसारखी झालेली. दुसरी तिच्या दोन मिलिमीटर आत, पांढरट, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पुसट. म्हणजे हाताने, ब्रशने लावलेली. रेन्स्के पोस्तमाने भिंगाखाली पाकीट दोनदा फिरवून पाहिले. मग कपाटातला खोका काढून त्याच माणसाची आधीची एकतीस पाकिटे तिने टेबलावर ओळीने मांडली. तिचा भाऊ डौवे पाकिटे टाकू देत नसे. शिक्क्यावरची तारीख हाही पुरावा, असे त्याचे म्हणणे. सगळी झाकणे तपासायला तिला वीस मिनिटे लागली. एकतीसच्या एकतीस पाकिटांवर रेघ एकच होती.

म्हणजे हे बत्तिसावे पत्र वाटेत कोणीतरी उघडले होते आणि पुन्हा चिकटवले होते.

दोन वाजून दहा मिनिटे झाली होती. मार्च १९६१ मधला शुक्रवार. शाळेत तिचा रसायनाचा तास सकाळीच आटोपला होता. डौवे नगरपालिकेतून रजा काढून काल्फच्या छापखान्यात बसला होता, आणि साडेतीनला काल्फ त्यांच्या पुस्तकाचा शेवटचा राहिलेला फर्मा, म्हणजे खिळ्यांनी जुळवलेल्या पानांचा साचा, आवळून यंत्रावर चढवणार होता.

पत्र तिने तिसऱ्यांदा वाचले. अक्षर त्याचेच होते, बारीक आणि उजवीकडे कललेले, जर्मन भाषेतले. हिवाळा सरला. मादी अंड्यांवर बसली आहे. तुमचे कबुतरांचे पुस्तक छापून झाले की लगेच दोन प्रती पाठवाव्यात, मी आतुरतेने वाट पाहतो आहे.

गेल्या तीन वर्षांत त्याने एकदाही पुस्तक मागितले नव्हते. उलट पहिल्याच पत्रात बजावले होते, की काहीही झाले तरी पुस्तक माझ्या पत्त्यावर पाठवू नका.

त्या पुस्तकाचे नाव होते ‘जगातले हवाई ताफे’. डौवे आणि रेन्स्के ते दर वर्षी काढत. हे सहावे वर्ष. कोणत्या कंपनीकडे कोणती विमाने आहेत, एवढेच त्यात असे. पण जेट आल्यापासून एवढेच सांगणेही कठीण झाले होते. मोठ्या कंपन्या जेट घेत, त्यांची पंख्यांची विमाने लहान कंपन्यांकडे जात, लहानांची आणखी लहानांकडे; थोरल्याचा कोट धाकट्याच्या अंगावर यावा तशी. प्रत्येक विमानाला एक ओळ. ओळीत आधी नोंदणीची अक्षरे, ती शेपटीजवळ हातभर मोठी रंगवलेली असतात आणि कुंपणाबाहेरून कोणालाही वाचता येतात. शेवटच्या रकान्यात कारखाना क्रमांक. तो दाराच्या चौकटीत आतल्या बाजूला एका लहान पत्र्यावर ठोकलेला असतो. विमानात जो काम करतो त्यालाच तो दिसतो. अक्षरे पुसून नवी रंगवता येतात, पण हा क्रमांक जन्मापासून मरेपर्यंत एकच. क्रमांक ठाऊक नसेल तर त्या जागी आडवी रेघ छापायची, असा विमाने टिपण्याच्या या छंदातला शिरस्ता. डौवेला ती रेघ पाहवत नसे.

पोलादी पडद्यापलीकडच्या एका देशाच्या सरकारी कंपनीचे पान गेल्या वर्षापर्यंत अशा रेघांनी भरलेले होते. या वर्षी तिथे एकही रेघ नव्हती. तेवीस विमाने, तेवीस क्रमांक. जगात इतर कोणाहीकडे ते नव्हते.

ते ज्याने दिले त्याला घरात ‘कबुतरवाला’ म्हणत. खरे नाव दोघांना ठाऊक होते, पण ते उच्चारायचे नाही असे ठरले होते. १९५८ च्या उन्हाळ्यात तो आपल्या विमानासोबत स्किपोलच्या विमानतळावर आला होता, यंत्रदुरुस्तीचा माणूस म्हणून. दुर्बिणी आणि वह्या घेतलेले हे भाऊबहीण त्याला कुंपणापलीकडे दिसले तसा तो सिगारेट मागायच्या निमित्ताने जवळ आला. वही पाहून हसला. मग तळहातावर पेनाने काहीतरी लिहून त्याने तो हात जाळीला टेकवला. पाच आकडे होते. रेन्स्केला तो हात अजून आठवे. नखांत काळे तेल, अंगठ्यावर भाजल्याचा डाग. पुढे पत्रे सुरू झाली. विमाने म्हणजे कबुतरे, क्रमांक म्हणजे त्यांच्या पायातली कडी. तो हेर नव्हता. त्याला विमाने आवडत, आणि ज्याच्याशी त्याबद्दल बोलावे असे त्याच्या गावात कोणी नव्हते.

चूक रेन्स्केची होती. नेमकेपणाने पाहायची सवय असलेल्या माणसाकडून होते तशी चूक.

जानेवारीत त्याची यादी आली. ती कार्डांवर उतरवताना तिला दिसले, की एका विमानाची अक्षरे तीच आहेत, पण क्रमांक शरद ऋतूतल्या पत्रातल्या क्रमांकापेक्षा वेगळा आहे. तिने पत्राने विचारले, कडे वाचताना चूक तर झाली नाही? उत्तर आले, चूक नाही. जुने कबूतर नोव्हेंबरात डोंगरावर आदळले. त्याचे नाव नव्या कबुतराला दिले आहे. इथे याबद्दल कोणी बोलत नाही.

त्या संध्याकाळी ती खूश होती. दोन आकड्यांमधल्या फरकावरून तिने एक अपघात शोधून काढला होता, जो कोणत्याही वर्तमानपत्रात आला नव्हता. डौवेने तिच्यासाठी खास सफरचंदाचा केक आणला. तळटीप तिनेच लिहिली: या अक्षरांचे पहिले विमान नोव्हेंबर १९६० मध्ये नष्ट, सध्याचे त्याच अक्षरांचे दुसरे.

दुसऱ्या दिवशी वर्गात मुलींना द्रावणाचा रंग पालटण्याचा क्षण दाखवताना तिचा हात थांबला. दोन्ही क्रमांक कोणी पाहिले असतील? जुन्या विमानातला आणि नव्या विमानातला? त्या एका दुरुस्तीघरातल्या माणसांनीच. ती किती, हे त्याने एकदा सहज लिहिले होते. बारा.

तेव्हाच डौवेला सांगायला हवे होते. पण तो जिन्यात शीळ घालत होता. मग तिने ठरवले, पुढचे पत्र येऊ दे. ते आले नाही. मग पहिली प्रुफे येऊ देत. मग दुसरी. निर्णय पुढे ढकलायला दर वेळी तिला एक सभ्य कारण मिळत गेले. असे सात आठवडे गेले. या सात आठवड्यांत रोज सकाळी दाराच्या फटीतून टपाल पडल्याचा आवाज आला की ती जिना उतरून धावे, आणि त्याचे पत्र नाही हे पाहिले की सगळी पाकिटे पुन्हा एकदा चाळे.

तिने पत्र, पाकीट आणि भिंग पर्समध्ये टाकले आणि सायकल काढली. स्पार्ने नदीच्या काठाने वारा समोरून होता. पुलाशी आली तर बोटीसाठी पूल उघडलेला. वाळूने भरलेली बोट इतक्या संथपणे जात होती की तिने सेकंद मोजायला सुरुवात केली आणि दोनशे दहावर सोडून दिली.

काल्फचा छापखाना नदीला पाठ करून होता. काल्फ साठीचा, जाडजूड, एका कानाने कमी ऐकणारा. त्याचा एक नियम होता. पहिल्या वर्षी एका चुकीवरून भावाबहिणीने एकमेकांकडे बोट दाखवले, तेव्हापासून प्रत्येक पानाच्या प्रुफावर दोघांच्या सह्या असल्याशिवाय तो फर्मा आवळत नसे.

“या बाई,” तो म्हणाला. “तुमचे बंधू सकाळपासून माझी कॉफी संपवतायत आणि सगळं बरोबर आहे म्हणतायत. मला तर भीतीच वाटायला लागली.”

डौवे हसला. त्याच्या बोटांना शाई लागली होती. इतका हलका तो वर्षातून एकदाच दिसे. एकशे बारा पानांच्या गठ्ठ्यातून त्याने एक पान वेगळे काढून ठेवले होते. “चौऱ्याऐंशीवर तुझी सही राहिलीय. विसरलीस ना?”

“विसरले नाही.”

तिने पत्र, पाकीट आणि भिंग त्याच्यापुढे ठेवले आणि काय पाहिले ते क्रमाने सांगितले. डौवेने बराच वेळ भिंगातून पाहिले. पाकीट पावसात भिजले असेल, तो म्हणाला. तिकडचा डिंक वाईटच असतो. पोस्टातल्या कोणीतरी भला विचार करून चिकटवले असेल. ती म्हणाली, एकतीस पाकिटांवर एकच रेघ आहे. मग तिने त्याला पत्रातले शेवटचे वाक्य वाचायला लावले.

“दोन प्रती,” डौवे म्हणाला, आणि स्टुलावर बसला.

तिने तिचा हिशोब मांडला. आधीची पत्रे कोणी उघडलेली नाहीत. म्हणजे तिकडच्या पोलिसांकडे अजून कबुतरांशिवाय काही नाही. संशय आहे, पण पुरावा नाही. पुरावा या टेबलावर आहे. हे वाक्य त्याच्याकडून कोणी लिहून घेतले असेल, किंवा आपल्याला सावध करायला त्यानेच घातले असेल. दोन्हीचा अर्थ एकच: तिकडे कोणीतरी चौऱ्याऐंशीव्या पानाची वाट पाहत आहे.

“कधीपासून कळलंय तुला?”

“पत्राचं आज. तळटिपेचं जानेवारीपासून.”

डौवेने भिंग पाकिटावर ठेवले. ओरडला असता तर तिला बरे वाटले असते. तो म्हणाला, ठीक आहे, ती एक ओळ आणि तळटीप काढू, बाकीची बावीस राहू देत. ती म्हणाली, त्या बावीसही आत काम करणाऱ्यानेच वाचलेल्या आहेत, आणि मधली एकच जागा मोकळी सोडली तर ती बोट दाखवल्यासारखी दिसेल.

काल्फच्या माणसाने यंत्राशेजारून घड्याळाकडे पाहिले. तीन वाजून वीस. सोमवारपासून चर्चच्या भजनांच्या छपाईचे काम होते. आज नाही तर पुस्तक ईस्टरनंतर.

“त्या विमानात किती माणसं होती?” डौवेने विचारले.

“माहीत नाही.”

“मलाही नाही. त्यांच्या घरच्यांना काय सांगितलं असेल, तेही नाही. सगळ्या जगात ही एक ओळ आहे रेन्स्के, जिच्यात ते विमान पडलं असं लिहिलंय. ती काढली की ते पडलंच नाही.” त्याने तळटिपेवर बोट ठेवले. “आणि लिहिलीय तू. मी नाही.”

सात आठवडे ती याच वाक्यापाशी येऊन मागे फिरत होती. एका पारड्यात डोंगरावरची माणसे होती, ज्यांची संख्याही तिला ठाऊक नव्हती. दुसऱ्यात एक माणूस, ज्याच्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग होता. याचे वजन करायला कुठलाही तराजू पुरा पडत नव्हता. शिवाय पत्र उघडणाऱ्यांनी त्याला आधीच नेले असेल, तर पान काढून तरी काय उपयोग? हा विचार आला आणि तिला स्वतःचीच शिसारी आली, कारण त्यात सुटका होती.

काल्फ कॉफीचे भांडे घेऊन आला होता आणि त्याने बहुतेक सगळे चांगल्या कानाने ऐकले होते.

“युद्धाच्या वेळी आपल्या नगरपालिकेतल्या नोंदी फार चांगल्या होत्या,” तो कपाकडे पाहत म्हणाला. “घर, धर्म, आईचं माहेर, सगळं कार्डावर. एक रकाना रिकामा नव्हता. जर्मनांना ज्यू शोधायचे कष्टच पडले नाहीत. एवढंच म्हणतो मी. साखर?”

डौवेच्या मानेपासून कानापर्यंत लाली चढली. ती कार्डे लावायला तेव्हा तोही होता, पस्तिशीच्या आतला, सुंदर अक्षराचा कारकून. घरात याबद्दल कधी बोलणे झाले नव्हते. त्याने साखर नको म्हणून मान हलवली, खरे तर तो दोन चमचे घेत असे.

मग डौवेने चौऱ्याऐंशीवे पान तिच्यापुढे सरकवले आणि त्यावर पेन ठेवले. त्याची स्वतःची सही खाली होती, टपोरी, तारखेसह.

“तू ठरव,” तो म्हणाला. “मला ते जमणार नाही. मी आत्ता खोडलं तर उद्या पुन्हा लिहीन, मला माहितीय. पण ठरव, आणि मोठ्याने सांग. आणि मग तो मेला किंवा जगला, तरी हे माझ्यावर टाकायचं नाही.”

तिने पेन उचलले. तेवीस क्रमांक खालून वर असे एकदा वाचले. एकही चुकलेला नव्हता. तिसऱ्या ओळीपुढे बारीक चांदणी होती, आणि पानाच्या तळाशी तिचे वाक्य, नीट, नेमके, सिद्ध. तिने टोपण लावून पेन काल्फच्या हातात दिले.

“काल्फ, या पानावरचा शेवटचा रकाना सगळा काढा,” ती म्हणाली. “तेवीसच्या तेवीस. आणि खालची तळटीप माझी आहे, तीही काढा.”