जमावबंदीला एक माणूस कमी

"चार बोटं रोप धरतात, पोरी, पण रोवतो तो अंगठा."

लग्न होऊन आली त्या साली धानाच्या बांधीतल्या चिखलात सासूबाईंनी रविताला रोपं लावायचा रोवणा शिकवला, तेव्हाचा हा आवाज. सासूबाई गेल्या. आवाज आज आठवला तो भर उन्हात, डांबरी रस्त्यावर. कारण समोर पोलीस जमादार बोटं मोजत होता.

"एक, दो, तीन, चार. जमावबंदीले पाच लागतात, ताई. चौघीनं कायदा मोडतच नाही."

"मंग मोडू कसा जी?"

"तेही मीच सांगू?" जमादारही वैतागला होता. मागे कोळशाचे ट्रक हॉर्नवर हॉर्न देत होते. "बाजूले बसा, नारे द्या, गाड्या जाऊ द्या."

रविताला अटकच हवी होती. गावाला लागून कोळशाची नवी वखार उभी राहत होती. गावसभेच्या ठरावानं मंजूर, म्हणे. ती सभा कुणी पाहिली नव्हती. ठरावाची नक्कल तीन अर्ज देऊनही मिळेना. खटला झाला तर कोर्ट तरी कागद मागवेल. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली, रोपांचे पऱ्हे पिवळे पडले. आणि हे आणखी कोळसा जाळायला पुरवून आभाळ तापवणार!

काल चाळीस बाया बसल्या होत्या, तेव्हा जमावबंदी नव्हती; ती रात्री लागली. आज पहाटे चोरखमारा तलावाचं पाणी कालव्याला सुटलं आणि साऱ्या रोवण्याला पळाल्या. रागवावं तरी कुणावर? तिच्याही बांधीत पाणी चढत असेल.

"निर्मलाबाई येतो म्हणली," म्हाताऱ्या सुलोचनाबाई म्हणाल्या. "दोन बांध्या झाल्या का येतो म्हणे."

"हो! धान कापूनच येईल आता!" रविता फणकारली.

रस्त्यापलीकडे सायकलला डबा अडकवून रविताचे सासरे, माजी सरपंच डोमनलाल उभे होते. नऊ दिवस रोज डबा आणायचे, दगडावर ठेवायचे. रस्ता मात्र ओलांडायचे नाहीत.

"मामाजी, या ना जी! एकच माणूस कमी पडून राहिला!"

"जेवून घ्या अगुदर."

"नऊ दिवस जेवूनच राहिलो! काऊन येत नाही तुम्ही?"

"पायाले मेंदी लावली का, भाऊ?" सुलोचनाबाई ओरडल्या.

जमादारानं शिट्टी मारली. पहिला ट्रक घुरघुरत पुढे सरकला.

डोमनलालच्या हातून सायकल सुटली. डबा उघडून भात रस्त्यावर सांडला. गुडघे धरत, एकेक पाऊल टाकत ते आले आणि सुनेच्या शेजारी ट्रकसमोर बसले.

"झाले बापा पाच," जमादारानं उसासा टाकून वही काढली. "नाव?"

"डोमनलाल बिसेन. आणखी लिहा." ते बोलत होते जमादाराशी, पाहत होते रविताकडे. "सभा झालीच नव्हती. चहाच्या टपरीवर, याच सायकलच्या सीटवर कागद ठेवून ठरावावर सही मीच केलो."